मामाची एस्टीम ट्रॅकवर नेताना

जुनी गाडी ट्रॅक डेला, म्हणजे आपलीच गाडी रेस ट्रॅकवर चालवायच्या दिवशी, न्यायची म्हटलं की लोक पहिला प्रश्न इंजिनाचा विचारतात. किती बीएचपी झाली, एक्झॉस्ट कुठला लावलास, ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, काही केलंस का? माझ्या २००४ सालच्या मारुती एस्टीमवर सर्वांत जास्त वेळ आणि पैसा खर्च झाला तो रबरावर. बुश (सांध्यांतले रबरी तुकडे), माउंटिंग, होज, बेल्ट, सील, टायर. इंजिन कंपनीने दिलं तसंच आहे. तरीही ही गाडी आज जशी वळते आणि थांबते, तशी मामाकडे असताना शेवटची कित्येक वर्षं वळली-थांबली नव्हती. इंदूरमध्ये राहून हे काम कसं केलं ते सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे अशा कितीतरी गाड्या झाकण घालून दारात उभ्या आहेत.

एस्टीमच का, तर ती घरात होती. पण नसती तरी मी तीच शोधली असती. १२९८ सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, ८५ बीएचपी, आणि वजन नऊशे किलोच्या आतबाहेर. आजच्या गाड्या सुरक्षित आहेत, पण जड आहेत. शिवाय एस्टीमला चारही चाकांना स्वतंत्र स्ट्रट सस्पेन्शन (शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात) आहे, जे त्या किमतीच्या गाडीत आजही सहसा मिळत नाही. भारतातल्या हौशी रॅली आणि रेसमध्ये ही गाडी बरीच वर्षं धावली ती उगाच नाही.

आधी कागदपत्रं, कारण हौस इथेच अडकते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. ते वेळेत झालं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठासून सांगितलं. एस्टीममध्ये बलेनोचं १.६ इंजिन बसवणारे खूप आहेत. मला ते करायचं नव्हतं, कारण गाडी रस्त्यावरही चालवायची होती. तिसरी गोष्ट विम्याची. आपल्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात आणि त्यात संघटित शर्यत, वेगाची चाचणी वगैरे वगळलेलं असतं. म्हणजे ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च आपला. हे घरी स्पष्ट सांगून, त्यांचा होकार घेऊनच मी पुढे गेले.

लोकमान्य नगरात आमच्या मागच्या गल्लीत एक काका राहतात. पिथमपूरच्या एका वाहन कारखान्यात त्यांची सगळी हयात टूलरूममध्ये गेली. गाडी दाखवायला नेली तर त्यांनी बोनेट उघडलंच नाही. जॅक लावला, पुढचं चाक उचललं, वर-खाली आणि डावी-उजवीकडून धरून हलवलं. मग लांब टॉमी (लोखंडी पहार) घेऊन लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या, बुशमध्ये अडकवली आणि हलकीच दाबली. आर्म सहज सरकला. रबर धातूपासून सुटलं होतं आणि त्याच्या कडेला बारीक भेगांची जाळी पडली होती.

"अगं, चाक कुठे बघतंय हे गाडीलाच माहीत नाही," काका म्हणाले. "तू स्टीअरिंग फिरवणार एक, चाक करणार दुसरंच."

या एका वाक्यावर पुढचं सगळं काम उभं राहिलं. रबर वापराने झिजतं तसंच नुसतं उभं राहूनही मरतं. उष्णता, ओझोन, तेलाचे डाग आणि वय. मामाची गाडी कमी चालली होती, इंजिन उत्तम होतं, पण वीस वर्षांचे माळव्याचे उन्हाळे तिने काढले होते. मीटरवरचा आकडा बघून "गाडी एकदम बढिया" म्हणणाऱ्या कुणावरही जुन्या गाडीच्या बाबतीत विश्वास ठेवू नये. रबर हाताने तपासावं.

लोअर आर्मचे बुश, मागच्या आर्मचे बुश, स्टॅबिलायझरचे बुश, स्ट्रटच्या वरचे माउंट, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, इंजिनाची फाउंडेशन, स्टीअरिंग रॅकचे बुश अशी यादी झाली. छोट्या ग्वालटोलीतून बरंचसं सामान मिळालं. एस्टीमचं उत्पादन थांबून बरीच वर्षं झाली, पण रोजच्या झिजेचे भाग अजून मिळतात. अडतं ते काचा, ट्रिम, रबरी पट्ट्या यांच्यासाठी. एका दुकानातून मात्र ओरिजिनल म्हणून आलेले बुश काकांनी हातात घेतले आणि व्हर्निअर काढला. बाहेरचा व्यास जुन्या बुशपेक्षा कमी भरला. आर्मच्या भोकावर ठेवून अंगठ्याने दाबला तर बुश आत निघाला. हा भाग हायड्रॉलिक प्रेसखाली टनांच्या जोराने बसायला हवा. अंगठ्याने बसणारा बुश पहिल्याच जोरदार ब्रेकला सरकला असता. दुकानदाराने कुरकुर न करता परत घेतले, पण त्या दिवसापासून प्रत्येक भाग मोजूनच गाडीत गेला.

प्रेसचं काम सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये करून घेतलं. आर्म गाडीवर परत चढवताना काकांनी मला एक गोष्ट शिकवली, जी बहुतेक गॅरेजांत घाईत राहून जाते. या बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. ते फिरत नाही, पिळलं जातं. गाडी जॅकवर असताना चाक खाली लोंबतं. त्याच अवस्थेत बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर टेकताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. म्हणून बोल्ट आधी हाताने लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, पुढून-मागून दोन-चारदा दाबून बसवायची, आणि मग खाली शिरून शेवटचं आवळायचं, तेही टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने. आम्ही गाडी लाकडी ओंडक्यांवर चढवून खाली जागा केली. गैरसोयीचं काम होतं. पण त्याच संध्याकाळी राजेंद्र नगरपर्यंत एक फेरी मारली आणि स्टीअरिंग मध्यावर असताना जो मोकळेपणा मी गाडीचा स्वभाव समजत होते, तो गेला होता. शॉकअपसुद्धा नवे घातले, कंपनीच्याच मापाचे. गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा घातल्या नाहीत. आपले स्पीडब्रेकर बघता त्या घालूही नयेत, आणि पहिल्या काही ट्रॅक डेंना त्यांची गरजही नसते.

इंधनाच्या पाइपाबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण हा प्रश्न आता प्रत्येक जुन्या पेट्रोल गाडीचा आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. २००४ च्या गाडीतलं रबर त्या हिशेबाने बनलेलंच नाही. इथेनॉलने काही जुनी रबरं फुगतात, मऊ होतात, मग तडकतात. इंजेक्शनच्या गाडीत पाइपात दाब असतो, आणि खाली तापलेला एक्झॉस्ट. टाकीपासून इंजिनापर्यंतचे सगळे रबरी तुकडे बदलून इथेनॉल सोसणारे, इंजेक्शनच्या दाबाचे होज घातले, क्लॅम्पसुद्धा नवे. खर्च फार नाही. ट्रॅकवर जायचं नसलं तरी हे काम करून घ्या.

आता ब्रेक. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ताशी १२० वर गाडीत साठलेली ऊर्जा ६० च्या चौपट. माझ्यासकट साधारण एक टनाची एस्टीम १२० वरून ६० वर आणताना ब्रेक चारशे किलोज्यूलच्या वर उष्णता गिळतात. शहरात असा ब्रेक क्वचित एखाद्या वेळी लागतो, ट्रॅकवर मिनिटाला दोन-तीनदा. पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या गाडीत त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर पडतो.

ब्रेक दोन प्रकारे दगा देतात आणि दोन्ही पायाला वेगळे कळतात. पॅड मर्यादेबाहेर तापले तर पेडल घट्ट राहतं, पण गाडी थांबत नाही. फ्लुइड उकळलं तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जमिनीला टेकतं. दुसरा प्रकार जास्त भयंकर. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषत राहतं. नवं कोरं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळायला हवं असं मानक आहे. पाणी शोषल्यावर तेच १४० पर्यंत खाली येऊ शकतं. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. हे तिन्ही ग्लायकॉलच्या कुळातले. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं आणि ते यांत कधीही मिसळायचं नाही. ५ आणि ५.१ ही नावं जवळची असल्याने दुकानातून डबा घेताना नीट वाचून घ्यावं.

आम्ही सीलबंद डब्यातलं डॉट ४ घेतलं. ब्लीडिंगला, म्हणजे जुनं फ्लुइड आणि हवा बाहेर काढायला, दोन माणसं लागतात. काका सीटवर, मी चाकापाशी. ब्रेकच्या निपलवर (फ्लुइड सोडायच्या छोट्या तोटीवर) पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीत बुडवलेलं. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांब असलेल्या चाकाकडून. मी "दाबा" म्हटलं की काका पेडल दाबून धरत, मी निपल पाव फेरा सैल करी, फ्लुइड सुटे, मी आवळी आणि मगच "सोडा" म्हणे. हा क्रम चुकला, म्हणजे निपल उघडं असताना पाय उचलला, तर हवा आत जाते. पहिल्यांदा आलं ते कोऱ्या चहासारखं काळपट होतं, त्यात बारीक कण तरंगत होते. नळीत स्वच्छ फिकट पिवळं फ्लुइड दिसेपर्यंत एकेक चाक सोडलं नाही. टाकीतली पातळी मध्येमध्ये बघून भरत राहावं लागतं. त्याआधी चारही रबरी ब्रेक होज बदलले होते. जुने होज बाहेरून धड दिसतात, पण आतून सुजतात, आणि मग दाब सोडल्यावरही ब्रेक धरून राहतो. कॅलिपरच्या पिना साफ करून ब्रेकसाठीचं ग्रीस लावलं, मागच्या ड्रममधले शू आणि व्हील सिलिंडर नवे घातले. पॅड थोडे जास्त तापमान सोसणारे मिळाले. डिस्क कंपनीच्याच मापाच्या, भोकं पाडलेल्या नाहीत.

कूलिंगला फारसा वेळ लागला नाही. रेडिएटर उघडला तर तळाशी क्षार. इंदुरात नर्मदेचं पाणी असो की बोअरचं, रेडिएटरमध्ये डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट याशिवाय काही घालू नये. नवा थर्मोस्टॅट, नवे होज आणि नवी झाकणी. झाकणीला लोक क्षुल्लक समजतात. साध्या हवेच्या दाबाला पाणी शंभर अंशांना उकळतं, त्यावर आणखी एक बार दाब ठेवला तर १२० ला. हा दाब धरून ठेवणारी स्प्रिंग त्या झाकणीत असते. टायमिंग बेल्ट बदलताना वॉटर पंपही बदलला, कारण तिथवर पोचण्याची मेहनत एकच आहे. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं जवळजवळ सारखं आलं, म्हणून इंजिन उघडलं नाही. नवं ऑइल, फिल्टर, प्लग. ट्रॅकवर ऑइलची पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेवर ठेवावी, खाली नको. लांब वळणात ऑइल चेंबरमध्ये एका बाजूला जातं आणि पातळी कमी असेल तर पंपाच्या तोंडाशी हवा येते.

टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. मामाचे टायर नक्षी शाबूत असलेले, पण वयाने थकलेले होते. तेरा इंचात चांगली पकड देणारे टायर शोधूनही मिळेनात. १८५/६० आर १४ हे माप ताडून पाहिलं: मूळ १७५/७० आर १३ चा व्यास साधारण ५७५ मिलिमीटर, याचा ५७८. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी, म्हणजे स्पीडोमीटर आणि गिअरिंग जवळपास तसंच. ते घेतले. सगळ्या खर्चात हा आकडा सर्वांत मोठा आणि तो सार्थकी लागला.

बेल्ट मूळचेच ठेवले. चार पट्ट्यांचा हार्नेस दिसायला छान, पण साध्या सीटवर आणि रोल बार नसताना तो लावू नये. गाडी उलटली आणि छत दबलं तर तो शरीराला सरळ जखडून ठेवतो. हेल्मेटमध्ये स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेची एसए श्रेणी गाड्यांसाठी असते, तिचं अस्तर आगीला दाद देत नाही. मोटरसायकलच्या श्रेणीत ती अट नसते. आयोजक काय मान्य करतात हे आधी विचारून घ्यावं.

मग प्रश्न, जायचं कुठे? इथे प्रत्येक जण म्हणतो, पिथमपूरला नॅट्रॅक्स आहे ना. आहे, आणि अभिमान वाटावा असाच आहे, त्याचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. पण ती मुळात वाहन कंपन्यांच्या चाचण्यांची जागा. हौशी माणसाला आपली गाडी घेऊन फाटकाशी उभं राहता येत नाही. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट रस्त्याने आठशे किलोमीटरच्या आसपास, त्यातल्या त्यात जवळ. पण ते राजधानी क्षेत्रात येतं आणि तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने आणि पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध घातले. त्यावर नंतरही न्यायालयात घडामोडी होत राहिल्या. वीस वर्षांची गाडी घेऊन मला त्या वाटेला जायचं नव्हतं. राहिलं दक्षिण: कोइमतूरचं कारी मोटर स्पीडवे किंवा मद्रास इंटरनॅशनल सर्किट. सुपर कॉरिडॉर आणि बायपासवर रात्री जे चालतं ते मी मोजतच नाही. तिथे समोरून दूधवाला येतो, गाय येते, कुणाचं तरी पोर येतं. ज्याला वेगाची खरोखर आवड आहे त्याने पैसे साठवावेत आणि ट्रॅकवर जावं.

मद्रासचं ठरलं. श्रीपेरुम्बुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टाईला, १९९० पासून चालू असलेला, ३.७ किलोमीटरचा, बारा वळणांचा ट्रॅक. इंदूरहून अंतर दीड हजार किलोमीटरच्या घरात, म्हणून गाडी कार कॅरिअरवर चढवली आणि काका आणि मी रेल्वेने गेलो. जानेवारीत तिथली हवाही बरी असते.

सकाळी गाड्यांची तपासणी. बॅटरी घट्ट आहे का, कुठून गळती आहे का, टो हुक लागतो का, आत काही सुटं पडलंय का. डिकीतली स्टेपनी, जॅक, पायाखालची मॅट, सगळं काढून ठेवावं लागतं. मग झेंड्यांची माहिती: पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, लाल म्हणजे सत्र थांबलं, सावकाश पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवायच्या जागेत) या. पुढे जायला वाट मागायची नाही; पुढच्याने हाताने खूण केली तरच, तीही सरळ पट्ट्यात. यात नंबर लागत नाहीत, बक्षीस नसतं. पंधरा-वीस मिनिटांचं सत्र, मग गाडीला आणि माणसाला विसावा.

पहिलं सत्र मी अर्ध्या जोराने केलं. वळणं पाठ व्हायला हवीत, आणि नव्या पॅडना उष्णता हळूहळू द्यावी लागते. दुसऱ्या सत्रापासून गाडी बोलू लागली. मुख्य सरळ पट्ट्यानंतरचं पहिलं उजवं वळण वेगाचं आहे. तिथे स्टीअरिंग एकदा लावलं की पुन्हा दुरुस्त करावं लागलं नाही. ब्रेक सरळ असतानाच मारायचा, सोडत सोडत वळायचं, मधला टप्पा दिसला की ॲक्सिलरेटर. ८५ बीएचपीच्या गाडीत वेग एकदा हरवला तर परत मिळवायला अर्धा ट्रॅक जातो, म्हणून प्रत्येक वळण नीट बांधावंच लागतं. यासारखी शिकवणी मोठ्या ताकदीच्या गाडीत मिळत नाही, हे मी अगदी मनापासून सांगते.

शेवटची फेरी नेहमी सावकाश, ब्रेक न वापरता, म्हणजे वारा लागून डिस्क निवतात. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेल्या ड्रमला शू दाबून ठेवू नयेत. गिअरमध्ये टाकून चाकाला अडण लावायची. काका प्रत्येक सत्रानंतर टायरची हवा मोजत होते. हवा तापून दाब बराच वाढतो, तो सोडून ठरलेल्या आकड्यावर आणायचा, आणि संध्याकाळी परत भरायचा. चाकांचे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासायचे. दुपारच्या एका सत्रात पेडल नेहमीपेक्षा किंचित खोल गेलं. तेवढ्यावर मी बाहेर आले. टाकीत पातळी ठीक, गळती नाही. फ्लुइड उकळण्याच्या उंबरठ्यावर होतं. तासभर थांबून, मग थोड्या फेऱ्या सबुरीने करून दिवस संपवला.

घरी आल्यावर पुन्हा सगळं उघडलं. ब्रेक फ्लुइड बदललं, यावेळी डॉट ५.१. पॅड अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक. कूलंट एक थेंब कमी झालं नव्हतं. सगळे बुश जागच्या जागी, खुणेसाठी बोल्टवर मारलेल्या रंगाच्या रेघा हललेल्या नाहीत. झीज दिसली ती पुढच्या डाव्या टायरच्या बाहेरच्या कडेला. ट्रॅक घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्यामुळे उजवी वळणं जास्त आणि भार डाव्या चाकांवर. स्ट्रट सस्पेन्शनमध्ये गाडी कलली की चाकही बाहेर कलतं आणि टायर कडेवर चालतो. यावर उपाय कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बदलणाऱ्या बोल्टचा. स्ट्रटच्या खालच्या दोन बोल्टांपैकी एकाच्या जागी हा बसतो आणि चाकाचा वरचा भाग आत ओढता येतो.

ते बोल्ट मागवले आहेत. आले की गाडी पुन्हा ओंडक्यांवर चढेल. पुढे दीड अंश निगेटिव्ह कॅम्बर (वरचा भाग आत), टो शून्य (दोन्ही चाकं सरळ समांतर), मागचं आहे तसंच, असं काकांचं आणि माझं ठरलं आहे.